बक्षीस बातमीला द्या, बी-रोलला नको

विद्यापीठांच्या मल्टिमीडिया पत्रकारिता स्पर्धांवर कुणी शंका काढली, की चार उत्तरं तयार असतात. मुलं अजून शिकताहेत, त्यांच्या चुका कशाला काढता? दृश्यमाध्यमाची भाषा वेगळी आहे, तिला छापील बातमीची फूटपट्टी लावू नका. माध्यमसंस्थांना आज हेच कौशल्य हवं आहे. आणि शेवटचा हुकमी एक्का : खेड्यापाड्यातून आलेल्या पोराला दुसरं व्यासपीठ आहे कुठे?

ही उत्तरं देणारी माणसं लबाड नाहीत. तुटपुंज्या निधीत विभाग रेटणारे प्राध्यापक, रविवार मोडून परीक्षक म्हणून येणारे जुने वार्ताहर, रात्र रात्र एडिटिंगला बसणारे विद्यार्थी यांच्या तोंडून ती येतात. म्हणूनच ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत, खोडून काढण्यासारखी आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या स्पर्धा बातमीचा पेहराव तपासतात. बातमी खरी आहे का, पुरी आहे का, ज्याच्याबद्दल आहे त्याला ती मान्य आहे का, याकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. आणि ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे कुणी शिकत नाही, हे शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

परीक्षकाच्या हातात ठेवलं जाणारं गुणपत्रक बघा. विषयाची निवड, संकल्पना, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, सादरीकरण आणि तळाशी ‘सामाजिक संदेश’ किंवा ‘परिणामकारकता’. मी जिथे जिथे परीक्षक म्हणून बसलो तिथे शब्द इकडचे तिकडे झाले, साचा हाच राहिला. माहिती कुठून मिळवली, ती दुसऱ्या कुणाकडून ताडून घेतली का, ज्याच्याकडे बोट दाखवलं आहे त्याची बाजू विचारली का, या प्रश्नांना रकानाच नसतो. हातात चार दिवस आणि मित्राचा उसना कॅमेरा असलेला विद्यार्थी रकाना नसलेल्या कामावर त्यातला एक दिवस का घालवेल?

ऊसतोड कामगारांवरची अशी एक फिल्म मला चांगली आठवते. ड्रोनमधून दिसणारा उसाचा फड, मग कोयत्याचा घाव, भेगाळलेले तळवे, पाचटावर निजवलेलं लेकरू, पालासमोरची चूल : सगळा बी-रोल, म्हणजे पूरक दृश्यं, आणि मागे सारंगी. बाइट एकच, एका बाईचा : ‘काय करायचं दादा, नशीब.’ सभागृहात टाळ्या पडल्या. मी त्या मुलाला विचारलं, या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं उचल किती घेतली होती? तो म्हणाला, ‘सर, ते विचारलं नाही.’ मुकादम कोण? कारखाना कुठला? टनाला काय दर मिळतो? तो थोडा वैतागला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘सर, आकडे फिल्मच्या टोनमध्ये बसत नव्हते.’

ऊसतोडीची अख्खी बातमी त्या न विचारलेल्या प्रश्नांत असते. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरली जाते. तोडलेल्या टनांतून उचल फिटत जाते, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढ या बाईच्या हिशेबाच्या वहीत उतरली का? मुळात वही तिच्याकडे असते की मुकादमाकडे? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं उभ्या केलेल्या महामंडळाकडे या जोडप्याची नोंद आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं तरी त्या फिल्मला बातमी म्हणता आलं असतं. ‘नशीब’ या एका शब्दावर फिल्म संपली आणि मुकादमापासून कारखान्यापर्यंत सगळे सुटले. फिल्मला बक्षीस मिळालं. मुलाचा दोष मी धरत नाही. त्यानं गुणपत्रक आमच्यापेक्षा नीट वाचलं होतं.

आता पहिलं उत्तर घेऊ. मुलं शिकताहेत, पडताळणी पुढे नोकरीत शिकतील.

कुठे शिकतील? पडताळणी शिकवणारा उपसंपादक ज्या टेबलावर बसायचा ते टेबलच बऱ्याच ठिकाणी उरलेलं नाही. आणि मुरलेल्या लोकांचं काय झालं तेही पाहू. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक यांना एप्रिल १९८१ मध्ये आठ वर्षांच्या व्यसनी मुलाच्या कहाणीसाठी पुलित्झर जाहीर झालं, आणि लगेच परत करावं लागलं, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. जर्मनीत ‘डेर श्पीगल’च्या क्लास रेलोटियस यांना डिसेंबर २०१८ मध्ये तिथला मानाचा वार्तांकन पुरस्कार चौथ्यांदा मिळाला. त्याच महिन्यात त्यांच्या साप्ताहिकानंच जाहीर केलं, की या माणसानं कित्येक वृत्तांतांतली माणसं, प्रसंग आणि संवाद रचून लिहिले आहेत. मल्टिमीडियातलं उदाहरण हवं असेल तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची ‘कॅलिफेट’ ही २०१८ ची ध्वनिमालिका आहे. आयसिसमध्ये जाऊन माणसं मारल्याचं सांगणारा कॅनडातला एक तरुण हा तिचा कणा होता. त्याच्या कहाणीला पुरेसा आधार नाही हे उघड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये वृत्तपत्रानं पीबडी पुरस्कार परत केला. ध्वनिमुद्रण, संगीत, कथनाची लय यांत त्या मालिकेला नावं ठेवायला जागा नव्हती. नेमकं तेच परीक्षकांनी ऐकलं.

या तिन्ही प्रकरणांत पुरस्कार समित्यांनी समोर ठेवलेली तयार वस्तू पाहिली आणि ती सुंदर होती. रेलोटियस पकडला गेला तो परीक्षकांमुळे नव्हे. ह्वान मोरेनो नावाच्या सहकाऱ्याला संशय आला. वृत्तांतातल्या माणसांना तो स्वतः अमेरिकेत जाऊन भेटला, आणि हा पत्रकार आपल्याला कधी भेटलाच नाही असं त्यांनी सांगितलं. सगळी गोम तिथे आहे. कथेतल्या माणसाला जाऊन विचारणं हे काम इतकं साधं असूनही कुठल्याही पुरस्काराच्या निकषात बसत नव्हतं.

‘शिकताहेत’ या शब्दाखाली आपण मुलांना कमीही लेखतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेचे युक्रेनसाठीचे विशेष प्रतिनिधी कर्ट व्होल्कर यांनी राजीनामा दिल्याची बातमी वॉशिंग्टनच्या बड्या वृत्तपत्रांआधी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या ‘स्टेट प्रेस’ या विद्यार्थी वृत्तपत्रानं दिली. व्होल्कर त्या विद्यापीठाशी संलग्न संस्थेचे प्रमुख होते, आणि तिथल्या विद्यार्थी पत्रकारानं विद्यापीठातल्या अधिकाऱ्याकडे चौकशी करून ती पक्की केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या ‘डेली’त पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकर यानं विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांवर प्रश्न उभे केले. चौकशी समितीनं अध्यक्षांनी स्वतः फेरफार केले नसल्याचं म्हटलं, पण त्यांच्या नावावरच्या निबंधांतले दोष आणि ते वेळेवर दुरुस्त न करणं यावर ताशेरे ओढले. जुलै २०२३ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. त्याआधीच बेकरला जॉर्ज पोक पुरस्कार मिळाला होता. आपल्या गुणपत्रकावर यातल्या कुठल्या कामाला किती गुण पडले असते, याचा अंदाज प्रत्येक परीक्षकानं मनाशी करून पाहावा. छायाचित्रण : शून्य. ध्वनी : लागू नाही.

दुसरं उत्तर : दृश्यमाध्यमाची भाषा वेगळी आहे, भावना पोहोचवणं हेच तिचं काम.

भाषा वेगळी आहे हे कबूल. पण भाषा वेगळी झाली म्हणून खरं-खोट्याचा नियम वेगळा होत नाही. मल्टिमीडियाचा आदर्श म्हणून वर्गावर्गात दाखवलं जाणारं ‘स्नो फॉल’च घ्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीक इथे हिमकडा कोसळून तीन स्कीपटू मेले. त्यावरचा जॉन ब्रँच यांचा वृत्तांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं डिसेंबर २०१२ मध्ये चित्रफिती, नकाशे आणि हलत्या आकृत्यांसह प्रसिद्ध केला. जगभरच्या माध्यमविभागांनी त्यातून काय उचललं? स्क्रोल केलं की सरकणारी चित्रं. ब्रँच यांनी वाचलेल्या प्रत्येकाशी बोलून, मृतांच्या घरच्यांना भेटून, आपत्कालीन फोनच्या नोंदी आणि पोलिसांची कागदपत्रं वाचून तो वृत्तांत उभा केला होता, हे उचललं नाही. हिमकडा कोसळतानाचा जो देखावा सगळ्यांना भुरळ घालतो, त्याच्यामागे हिमशास्त्रज्ञांनी मोजून केलेलं गणित होतं. २०१३ चं पुलित्झर त्याला मिळालं ते फीचर लेखनाच्या वर्गात, मल्टिमीडियाची प्रशंसा त्या ओघात आली. म्हणजे मल्टिमीडियाच्या बाजूनं दिला जाणारा सर्वांत मोठा दाखला माझ्याच बाजूनं साक्ष देतो. तिथे चित्र बातमीच्या मागून आलं. आपल्या स्पर्धांत चित्र आधी ठरतं आणि त्याला चिकटवायला माणूस शोधला जातो.

माणूस शोधायला निघालेला कॅमेरा कुठे जातो हे पाहायला फार लांब जायला नको. कामाठीपुरा, धारावी, एखाद्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचा ओटा, तमाशाच्या फडाची राहुटी. दुःख जिथे आयतं मिळतं तिथे. अशा नजरेचं टोक २०१८ च्या जुलैत जगानं पाहिलं. वर्ल्ड प्रेस फोटो या प्रतिष्ठानाच्या इन्स्टाग्रामवर एका इटालियन छायाचित्रकारानं उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात काढलेले फोटो झळकले. गरीब माणसांसमोर टेबल मांडून त्यावर खोटं अन्न ठेवलं होतं आणि त्यांना डोळे झाकून आवडत्या जेवणाचं स्वप्न पाहायला सांगितलं होतं. संतापाची लाट उठली, खुलासे झाले. पण संकल्पना, रंगसंगती, परिणामकारकता या रकान्यांत ते फोटो आपल्याकडे नापास झाले असते का? छातीवर हात ठेवून सांगा.

यात कायद्याचाही प्रश्न आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेला नसतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, शेजार यांतलं काहीही ओळख पटेल अशा तऱ्हेनं प्रसिद्ध करायला पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं, आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कठुआतल्या बालिकेवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. तिथे निदान वकिलांची फौज होती. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं बालगृहात जाऊन केलेली ‘हृदयस्पर्शी’ फिल्म महोत्सवात दाखवली, यूट्यूबवर चढवली आणि उद्या कुणी तक्रार केली, तर आयोजक तिच्या मागे उभे राहणार आहेत का? प्रवेशिकेच्या अर्जावर तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : आशयाची सर्व जबाबदारी स्पर्धकाची. जबाबदारी स्पर्धकाची आणि ट्रॉफीवर नाव आयोजकांचं.

तिसरं उत्तर : माध्यमसंस्थांना हेच हवं आहे.

हवं आहे, यात शंका नाही. एका माणसानं शूट करावं, एडिट करावं, व्हॉइस ओव्हर द्यावा, उभ्या चौकटीतला व्हिडिओ कापून सोशल मीडियावर टाकावा आणि हे सगळं एका पगारात. पण विद्यापीठ ही भरतीपूर्व कार्यशाळा कधीपासून झाली? उद्योगाला आज जे हवं ते उद्या नको असतं. दहा वर्षांपूर्वी शिकलेलं सॉफ्टवेअर आज कुणी विचारत नाही, आणि आज शिकवलेल्या कितीतरी गोष्टी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आताच चुटकीसरशी करू लागली आहेत. सुंदर चित्र, गुळगुळीत निवेदन, भावुक संगीत तिथे आयतं तयार होतं. सातबारा वाचता येणं, ग्रामपंचायतीच्या जमाखर्चातली खोट दिसणं, तलाठ्याशी बोलताना काय विचारायचं आणि कधी गप्प बसायचं हे कळणं, याला आयती सोय नाही. नोकरीच्याच भाषेत बोलायचं तर उद्या भाव त्याला येणार आहे.

माध्यमसंस्थांना आणखी काय हवं असतं तेही स्पर्धेच्या नियमांत सापडतं. प्रवेशिका कुठेही, कितीही वेळा वापरण्याचा हक्क आयोजकांकडे आणि प्रायोजकांकडे राहील, असं कलम मी एकापेक्षा जास्त नियमावल्यांत वाचलं आहे. शेकडो मुलांकडून शुल्क घ्यायचं, फुकटात व्हिडिओ गोळा करायचे, तिघांना प्रमाणपत्र द्यायचं, याला कुणी उत्तेजन म्हणत असेल तर म्हणो बापडे.

आणि मुदत? माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात, विद्यार्थ्याला परवडणारं याहून धारदार हत्यार दुसरं नाही. पण त्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्यानं ३० दिवस दिले आहेत. बऱ्याच स्पर्धांचा विषय जाहीर होतो आणि प्रवेशिकेची शेवटची तारीख येते, यांत तेवढे दिवसही नसतात. म्हणजे कागदपत्रांच्या आधारानं उभी राहणारी बातमी स्पर्धेच्या वेळापत्रकातच बाद होते. उरतं ते एका सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं काहीतरी. वारी, विसर्जन, वडापाव.

चौथं उत्तर सर्वांत वजनदार आहे, आणि ते देणाऱ्यांचा हेतू मला मनापासून मान्य आहे. गडचिरोलीच्या, जतच्या, किनवटच्या मुलाला मुंबई-पुण्याच्या ओळखी नाहीत. स्पर्धेतलं एक बक्षीस त्याच्यासाठी दार उघडू शकतं. मोबाइल आला, आता कॅमेऱ्याची मिरासदारी संपली, असंही सांगतात.

पण ज्या स्पर्धेत छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन यांना भरघोस गुण असतात, ती स्पर्धा कोण जिंकणार? ज्या महाविद्यालयात उपकरणांची खोली आहे, स्टुडिओ आहे, गिंबल आणि ड्रोन आहे, इंग्रजी सबटायटल्स तपासून देणारा कुणीतरी आहे, तेच. मोबाइलनं शूट केलेली किनवटची फिल्म त्या रांगेत बसली, की तिच्यातला वाऱ्याचा आवाज परीक्षकाला खुपतो आणि तिनं उघड केलेली गोष्ट कानाआड जाते. ग्रामीण मुलांसाठी म्हणून आपण जी शर्यत भरवतो, तिची पायवाट शहरी महाविद्यालयांच्या दारातून जाते.

आता गुणपत्रक उलटं करून पाहा. पडताळणी, स्रोत, संबंधितांच्या बाजू, स्थानिक कागदपत्रं यांना निम्मे गुण द्या. त्या क्षणी किनवटचा मुलगा पुढे येतो. मुकादम त्याच्या गावचा असतो. आश्रमशाळेतला स्वयंपाकी त्याच्या चुलत्याच्या ओळखीचा. रेशन दुकानाच्या फलकावर काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात किती मिळतं, हे त्याच्या आईला तोंडपाठ असतं. गोंडी, कोलामी, बंजारा बोलता येणारा विद्यार्थी ज्या घरात बसून तासभर बोलू शकतो, तिथे पुण्याचा चमू दुभाषा घेऊन जातो आणि ‘नशीब’ एवढा एक बाइट घेऊन येतो. त्याच्याकडचं हे भांडवल आजच्या निकषांत शून्य किमतीचं आहे. ग्रामीण मुलांची बाजू घेणाऱ्यांनीच खरं तर माझ्याआधी हे गुणपत्रक फाडायला हवं होतं.

हे स्वप्नरंजन नाही. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर, म्हणजे ‘पारी’वर, विद्यार्थ्यांचं कामही प्रसिद्ध झालेलं आहे. तिथे फोटो आहेत, चित्रफिती आहेत, ओव्यांचे आवाज आहेत. मल्टिमीडिया म्हणतात ते सगळं आहे. पण माणूस भेटतो तो नावानिशी, गाव-तालुका-जिल्ह्यासकट, त्याच्या मिळकतीच्या आणि कर्जाच्या आकड्यांसकट. आणि मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे, त्यामुळे ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला तो वाचता येतो. ज्याच्याबद्दल लिहिलं त्यानं वाचणं, याहून कडक परीक्षक पत्रकाराला मिळत नाही.

अमेरिकेतली हर्स्ट स्पर्धा आपल्याकडे अनेकांना आदर्श वाटते. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट प्रतिष्ठान ती १९६० पासून चालवतं, आणि लेखन, छायापत्रकारिता, ध्वनी, दूरचित्रवाणी यांच्या जोडीला तिच्यात आता मल्टिमीडियाचा स्वतंत्र विभाग आहे. १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका बुडाली, तेव्हा पुरावा हाती नसताना स्पेनवर आळ घेणाऱ्या मथळ्यांनी ज्याच्या वृत्तपत्रानं खप वाढवला, त्याच्या नावानं होतकरू पत्रकारांना बक्षिसं मिळावीत हा इतिहासाचा विनोद आहे, पण तो सोडून देऊ. तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि एक टाळण्यासारखी. टाळण्यासारखी ही, की विद्यार्थ्यांच्या यशाचे गुण विद्यापीठांच्या खात्यात जमा होतात, त्यावरून विद्यापीठांची क्रमवारी लागते आणि विभागांनाही अनुदान मिळतं. एकदा क्रमवारी आली की विभाग शिकवायला नव्हे, जिंकायला मुलं घडवतो. आपल्याकडे ‘सर्वसाधारण विजेतेपदा’चा फिरता चषक तेच काम करतो. घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अंतिम फेरी. तिथे निवडलेल्या विद्यार्थ्यांना शहरात नेऊन जागेवर काम दिलं जातं. घरून सजवून आणलेली फिल्म तिथे कामाची नाही. अनोळखी शहरात जाऊन माणसं शोधा, बोला, ठरलेल्या वेळात बातमी द्या. पत्रकारिता येते की नाही हे याहून सोप्या रीतीनं कळत नाही.

मग करायचं काय? स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणतो असं भासवून मला उत्तर देण्याची सोय मी विरोधकांना ठेवणार नाही. प्रवेशिकेसोबत वही मागा : कुणाशी कधी बोललो, कुठला कागद पाहिला, काय तपासता आलं नाही. न कापलेलं मूळ चित्रीकरण मागा. शेवटच्या फेरीत आलेल्या प्रत्येक कामातल्या दोन माणसांना परीक्षकांनी फोन करावा आणि दोनच प्रश्न विचारावेत : हे तुम्हाला भेटले होते का, आणि तुम्ही म्हणालात ते तसंच दाखवलंय का? लहान मुलं आणि पीडित व्यक्ती ज्या कामात आहेत, ते कायद्याच्या चाळणीतून गेल्याशिवाय पडद्यावर येऊ नये. विषय आणि शेवटची तारीख यांत माहिती अधिकाराच्या उत्तराला पुरतील इतके दिवस ठेवा. चूक निघाली तर बक्षीस परत घेण्याचं कलम नियमात लिहा. ‘टाइम्स’नं पीबडी परत केलं त्यात त्याची लाज गेली नाही, राहिली.

यावर आयोजक म्हणतील, परीक्षकांना एवढा वेळ कुठे असतो? खरं आहे. सकाळी दहाला चहा, साडेदहाला दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांची भाषणं, दुपारी जेवण आणि चारला निकाल, या बेतात फोन बसत नाहीत. मग दीपप्रज्वलन आणि भाषणं कमी करा. प्रवेशिकाच पन्नासाऐवजी वीस घ्या. ज्या परीक्षकाला दोन फोन करायला वेळ नाही, त्याला विद्यार्थ्यांना पत्रकारितेवर चार उपदेशाचे शब्द सांगायलाही वेळ नसावा.

आणखी एक आक्षेप येईल : एवढ्या अटी घातल्या तर मुलं येणारच नाहीत. कदाचित सुरुवातीला येणार नाहीत. ज्यांना लघुपट करायचे आहेत ते लघुपट महोत्सवात जातील, आणि तिथे त्यांचं मनापासून स्वागत व्हावं, कारण लघुपट ही स्वतंत्र आणि मोठी कला आहे. पण पाटीवर पत्रकारिता लिहून आत लघुपटाची परीक्षा घेणं ही दोन्हींची फसवणूक आहे. प्रवेशिका निम्म्यावर आल्या तर आयोजकांनी घाबरू नये. इतकी वर्षं त्यांच्याकडे पत्रकारितेच्या प्रवेशिका किती येत होत्या, याचा खरा आकडा त्यांना त्या वर्षी पहिल्यांदा कळेल.